गोठ्यातली ढाबळ: कोंबड्यांच्या शेजारी पारवे (प्रकल्प नोंदी)

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी उरकली, कपाशीची पहिली वेचणी घरात आली, आता गोठ्याकडे बघायला सवड आहे. बैलजोडी गेल्यापासून तिथे जुनी औतं, सरपण आणि उंदीर एवढंच उरलंय. मागचा अर्धा भाग धाब्याचा आहे, लाकडी कड्या-पाटावर मातीचं जाड छत. पुढचा अर्धा पत्र्याचा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात धाब्याची घरं आता थोडीच राहिली. पण वैशाखात त्या मातीखाली जो गारवा असतो तो स्लॅबखाली पंखा लावूनही मिळत नाही. म्हणून पक्षी राहतील ते धाब्याखाली, पत्र्याखाली नाही.

परसात गावरान कोंबड्या आधीपासून आहेत, त्यांचं सगळं माय बघते. त्यांच्या शेजारी आता पारवे आणायचे आहेत. निव्वळ हौस, विकायचे नाहीत, खायचे नाहीत. ही वही ठेवतोय कारण कोंबडीपालनाची माहितीपत्रकं हवी तेवढी मिळतात, पारव्यांची माहिती शौकिनांच्या तोंडी भरपूर असते, पण दोन्ही एकाच अंगणात ठेवायचे तर काय करायचं हे जो तो आपापल्या परीने निभावून नेतो. कुठे एकत्र चालतं आणि कुठे भिंत लागतेच, ते मला नीट बघून लिहायचंय.

१७ नोव्हेंबर

शेजारचे आप्पा येऊन गोठा बघून गेले. तरुणपणी त्यांच्या माळवदावर पारव्यांची मोठी ढाबळ होती. भिंती, जाळी, खण यांतलं काही त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पारवास्ले पानी येगळं ठेवजो भाऊ. कोंबड्या पानीमा पाय टाकतस."

संध्याकाळी अंगणात बसून दोन्ही पक्षी पाणी कसे पितात ते पाहिलं. कोंबडी चोच बुडवते, घोटभर पाणी घेते, मग मान वर करून ते घशाखाली उतरवते. दर घोटाला मान वर. विहिरीच्या काठावर रानपारवे येतात, त्यांचं तसं नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत पाण्यात घालायची आणि ढोरासारखं एका दमात ओढून प्यायचं, मान वर करायचीच नाही. म्हणजे कोंबडीला उथळ भांडं चालतं, पारव्याला चोच पुरी बुडेल एवढी खोली लागते.

आप्पांच्या सांगण्यामागे आणखी मोठं कारण आहे. पारव्यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी राहतो. पुष्कळदा पक्ष्याला त्याचा काही त्रास होत नाही, पण तो अशक्त झाला, पिल्लू लहान असलं की घशात पिवळट, चीजसारखे थर धरतात आणि गिळणं बंद होतं. हा परजीवी पसरतो तो सामाईक पाण्यातून आणि आईबाप पिल्लांना चारतात त्यातून. कोंबड्यांनाही तो लागू शकतो. उलट बाजूने कोंबड्यांची विष्ठा पायांनी पाण्यात जाते. तेव्हा पहिला नियम पक्का झाला: अंगण एक, पाणी दोन.

पारव्यांचं पाणी कमरेइतक्या उंचीवर, भिंतीला टांगलेल्या कॅनमध्ये. वरून झाकण, बाजूंनी डोकं जाईल एवढीच भोकं, म्हणजे वर बसून कोणी घाण करणार नाही. कोंबड्यांचं खाली, विटांवर.

२४ नोव्हेंबर

सुताराबरोबर दोन दिवस काम. गोठ्यात मधोमध विटांची आडभिंत घातली, पाटापर्यंत, वर फट न ठेवता. एका बाजूला खुराडं, दुसऱ्या बाजूला ढाबळ. जागा वाचवायला काही जण खाली कोंबड्या आणि वर पारवे ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही: पारव्यांची विष्ठा सुकून तिची धूळ दिवसभर खाली कोंबड्यांच्या दाण्यावर उडत राहणार. आणि उलटं, खुडूक कोंबड्याही खण उंचावर दिसला की तिथेच जाऊन बसतात. म्हणून शेजारी, आणि मध्ये भिंत.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त मिळते, पण तिच्यातून लहान साप आणि उंदीर आत शिरतात, आणि घूस ती कुरतडून काढते. भिंतीच्या पायथ्याशी जाळी वीतभर जमिनीत पुरली. खण एक फूट लांब-रुंद-उंच, प्रत्येक जोडीला दोन, कारण पहिली पिल्लं घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालायला लागते. दाराला वरून तारा लोंबत सोडल्यात. बाहेरून ढकलून आत येता येतं, आतून बाहेर जाता येत नाही.

८ डिसेंबर

धुळ्याच्या एका जुन्या शौकिनाकडून पक्षी आणले. नुकती चारा उचलायला लागलेली होमरची पिल्लं आणि एक जाणती जोडी. पिल्लंच का, तर होमर एकदा का आभाळात उडून घर ओळखायला शिकला की ते घर सोडत नाही. जाणता पक्षी महिनोन्महिने कोंडून ठेवला तरी सोडल्यावर धुळ्याला परत जाईल. जाणती जोडी म्हणून आतच राहील, अंडी-पिल्लांसाठी.

पुतणीला लक्का हवा होता, शेपटीचा पंखा करून फिरणारा. दिसायला फारच देखणा. पण त्याला धड उडता येत नाही, आणि आमच्या निंबावर शिकरा बसतो. उघड्या अंगणात लक्का ठेवणं म्हणजे त्याला जाणूनबुजून धोक्यात घालणं. गिरेबाजही नको, तो तासन्‌तास उंच आभाळात राहतो, त्याचा आनंद शहरातल्या गच्चीवर. पोपट-मुनियांचा विषय तर निघायलाच नको. रानातला राघू, मुनिया, तितर, लाव्हा घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बाजारात कोणी पिंजरा पुढे केला तरी घ्यायचा नाही हे मी पोरांना बजावून ठेवलंय.

नवे पक्षी महिनाभर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पिंजऱ्यात. चोच उघडून घसा पाहिला, गुलाबी आणि स्वच्छ. पंखाखाली फुंकर मारून पाहिलं तर एका पिल्लात चपटी माशी सापडली. पिसांत सरसर तिरकी पळते, चिमटीत सापडत नाही. ही माशी पारव्यांचं रक्त पिते आणि त्यांच्यात मलेरियासारखा आजार पसरवते. पशुवैद्यकांनी दिलेली पावडर सगळ्यांना चोळली. कोंबड्यांकडून इकडे येताना हात धुवायचे, चपला बदलायच्या. मायला हे पटलं, तिनेच दारात वेगळी चप्पल ठेवली.

२२ डिसेंबर

दाण्याचं गणित. पारव्याला सबंध दाणा लागतो, भरड किंवा भुकटी त्याच्या कामाची नाही. आपल्याकडे त्याची चंगळ आहे: दादर ज्वारी, बाजरी, मका, गहू, जोडीला मूग, मठ, हरभरा, थोडी तूर, थंडीत मूठभर करडई. दोन भाग तृणधान्य, एक भाग कडधान्य, हे रोजचं. पिल्लं असतील तेव्हा कडधान्य वाढवायचं. दादर त्यांना सगळ्यांत आवडते. आधी तीच निवडून खातात आणि मका शेवटी. म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, नाहीतर निवडून खाणाऱ्याला एकच धान्य मिळतं आणि उरलेल्यावर उंदीर येतात.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य वेगळं आहे. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, कारण कोंबडी जवळपास रोज कवच बनवते. पारवीण महिन्या-दीड महिन्याला दोनच अंडी घालते. तिच्यासाठी शिंपल्याचा चुरा बाजूला ठेवला की ती लागेल तेवढा उचलते. शिवाय दोघांनाही दळायला खडे लागतात, दात नसतात म्हणून. बोरी नदीची जाडसर वाळू धुऊन वाळवली, तिच्यात शिंपल्याचा चुरा, विटेचा चुरा, कोळसा आणि चिमूटभर मीठ. कोंबड्या परसात उकरून आपले खडे शोधतात. कोंडलेल्या पारव्यांना हाताने द्यावे लागतात.

कोंबड्यांना दाणा टाकला की पारवे उतरतात, हे पुढे होणारच. उपाय वेळेचा: आधी पारव्यांना आत खायला घालायचं, मग कोंबड्यांना बाहेर.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. आज आणि उद्या ढाबळ बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी दुपारी बांधावरच्या बाभळीला लोंबणारा हिरवा धागा मी स्वतः कापून आणला. नखाने तुटत नाही. उडत्या पक्ष्याच्या पंखाच्या सांध्याला तो बसला की मांस कापत हाडापर्यंत जातो. गल्लीतल्या पोरांना जवळ बोलावून हा धागा दाखवला, त्यांच्याच बोटाला हलकेच ओढून. दोघांनी फिरक्या आणून दिल्या, सुती दोरा घेऊन गेले.

२६ जानेवारी

पिल्लांना पहिल्यांदा बाहेर सोडलं. गेले काही दिवस ती जाळीच्या सज्जातून अंगण, निंब, शेजारच्या मंदिराचा कळस बघत होती. दिशा त्यांच्या ओळखीच्या झाल्यात. सोडायची वेळ तिन्हीसांजेच्या आधी तासभर आणि पोट रिकामं. वर गेली, एक फेरी, दुसरी मोठी फेरी, मग माळवदावर. पुतणीने डब्यात दादर खुळखुळवली तशी एकेक करून फळीवर उतरली आणि तारा ढकलून आत गेली. एक मात्र आप्पांच्या माळवदावर बसून राहिलं. आप्पांनी त्याला हाकललं नाही, नुसतं पाठ करून बसले. अंधार पडायच्या जरा आधी तेही आलं.

१६ फेब्रुवारी

लसीकरण. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोंबड्या आणि पारवे शेजारी ठेवायचे तर सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. १९२८ मध्ये उत्तराखंडातल्या राणीखेतला तो नोंदला गेला, म्हणून हे नाव. त्याच्या वर्षभर आधी इंग्लंडात न्यूकॅसलला त्याचं वर्णन झालं होतं. कोंबड्या धापा टाकतात, हिरवी पातळ हगवण, मान पिळवटते, आणि खुराडंच्या खुराडं बसतं. पारव्यांत याच विषाणूचा भाऊबंद फिरतो: पाणी पाणी विष्ठा, मान उलटी वळलेली, दाण्यावर चोच मारतो पण नेम चुकतो. तो विषाणू कोंबड्यांकडे जाऊ शकतो. म्हणून एकाला लस आणि दुसऱ्याला नाही, हे चालत नाही.

मानमोडीची लासोटा लस शंभर मात्रांच्या कुपीत येते, थंडच ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. आपल्या एकट्याच्या घरात एवढे पक्षी नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी गल्लीत सांगून आलो. सकाळी सूर्य वर यायच्या आत डालगी घेऊन बायका आल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात कुपी आणली होती. लहान पिल्लांना डोळ्यात थेंब. ही मात्रा पाचव्या ते सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांना आरटूबी लस, टोचून. पारव्यांना काय आणि कसं द्यायचं ते पशुवैद्यकांनी स्वतः पाहून ठरवलं, त्यांची मात्रा त्यांनीच दिली. गल्लीतल्या कोंबड्या निरोगी तर आपले पारवे निरोगी, कारण पारवा कोणाचं अंगण कुठे संपतं ते बघत नाही.

सगळे जमले होते म्हणून नवापूरची गोष्ट निघाली. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांत. लाखांनी पक्षी मारून पुरावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो निघाला. २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. आणि गेल्याच महिन्यात लातूरकडे उदगीरला कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. मायला तो २००६ चा उन्हाळा लख्ख आठवतो. बाजारात कोंबडीला हात कोणी लावत नव्हतं.

पारव्यांना हा फ्लू कोंबड्यांइतका सहज होत नाही, पण होतच नाही असं नाही. खरा धोका पाणपक्ष्यांचा. रानबदकं विषाणू अंगात वागवतात आणि दिसायला ठणठणीत असतात. तापीवरच्या हतनूर धरणावर हिवाळ्यात दूरदेशीचे असे थवेच्या थवे उतरतात. म्हणून एका नातलगाने बदकांची जोडी देऊ केली तेव्हा मी हात जोडले. बदकं पाणी सांडतात, जमीन कायम ओली ठेवतात, आणि ओल हा पारव्यांचा आणि कोंबड्यांचा, दोघांचाही वैरी. आमच्या अंगणात तिसरी जात येणार नाही.

एकाएकी जास्त पक्षी मेले तर पुरून मोकळं व्हायचं नाही, आधी दवाखान्यात कळवायचं. हे सगळ्यांनी कबूल केलं.

४ मार्च

जाणत्या जोडीचं दुसरं अंडं आज दुपारी. पहिलं परवा संध्याकाळी आलं होतं. दोहोंत साधारण चाळीस-बेचाळीस तासांचं अंतर असतं. पहिल्यावर मादी नुसती उभी राहिल्यासारखी होती, खरं बसणं आजपासून. त्यामुळे दोन्ही पिल्लं जवळजवळ बरोबर निघतात.

घरटं बांधताना पाहण्यासारखं होतं. कोपऱ्यात पऱ्हाटीची बारीक शेंडं आणि निंबाच्या वाळलेल्या काड्या ठेवल्या होत्या. नर एका वेळी एकच काडी उचलतो. आवडली नाही तर टाकतो, दुसरी घेतो, चोचीत मधोमध तोलून धरतो. मग मादीच्या पाठीवर चढून तिच्या खांद्यावरून ती काडी तिच्यासमोर ठेवतो. मादी उठत नाही; बसल्या जागी मान वळवून काडी अंगाखाली ओढून घेते. सकाळभर हेच.

बसायच्या पाळ्या ठरलेल्या: सकाळी दहाच्या सुमारास नर बसतो, चार वाजेपर्यंत तोच, उरलेली संध्याकाळ आणि रात्र मादीची. कोंबडीचं सगळं तिच्या एकटीवर. कोंबडा एकवीस दिवसांत एकदाही अंड्यांकडे फिरकत नाही.

मायने विचारलं, एक कोंबडी खुडूक आहेच, तिच्याखाली पारव्याची अंडी ठेवली तर? ऊब मिळेल, अंडं फुटेलही अठरा दिवसांत. पण पुढे काय? कोंबडीचं पिल्लू डोळे उघडे ठेवून निघतं आणि दुसऱ्या दिवशी आईमागे दाणे टिपतं. पारव्याचं पिल्लू आंधळं, उघडं, मान न सावरणारं. त्याला चोचीतून भरवणारे आईबापच लागतात, आणि ते जे भरवतात ते कोंबडीकडे नाही.

२१ मार्च

दोन्ही पिल्लं निघाली. पिवळे विरळ केस, अंगापेक्षा मोठी चोच.

आईबाप दोघांच्याही अन्ननळीच्या पिशवीत आता दुधासारखा पदार्थ तयार होतो. दही विरजल्यासारखा, पिवळसर दाणेदार. पिशवीच्या आतल्या थरातल्या पेशी भरून सुटतात त्याचा तो बनतो. प्रथिनं आणि चरबी खच्चून, साखर जवळपास नाहीच. हे दूध प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे येतं, आणि तेच गाई-म्हशींना आणि माणसाच्या आईला दूध आणतं. नर पारव्यालाही हे दूध येतं, हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्यांनी नराला पिल्लं भरवताना लहानपणापासून पाहिलंय, कारण आज कळलं.

भरवणं जवळून पाहिलं. पिल्लू चोच वर करून डोलतं, आईच्या चोचीच्या कोपऱ्यात घुसवतं. ती आपली चोच त्याच्याभोवती मिटते, मान आखडते, गळ्यापासून छातीपर्यंत एक लाट येते, आणि दोघं मिळून वर-खाली हलतात. सुटल्यावर पिल्लाच्या गळ्याखाली पिशवी फुगलेली दिसते, पातळ कातडीतून आतलं पिवळं दिसतं.

पुतणी रोज संध्याकाळी सोन्या-चांदीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांचं वजन करते. आज मोठं पंधरा ग्रॅम.

३० मार्च

मोठं पिल्लू आज दीडशेच्या वर. पुतणीने दोनदा करून पाहिलं. दुधात आता दाणे मिसळायला लागलेत. पिशवीला बोट लावलं की मुगाचे टणक गोळे लागतात. पायात कडी घातली. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर बोटं कडीतून गेली नसती.

याच दिवसांत घसा तपासायचा, कारण ट्रायकोमोनास पिल्लांना इथेच गाठतो. दोघांचाही स्वच्छ.

शिकरा दोनदा आला. एकदा कोंबड्याने जमिनीवरून बारीक किरर्र आवाज काढला आणि कोंबड्या तुरीच्या तुराट्यांखाली गडप झाल्या, त्याच क्षणी माळवदावरचे पारवे उडून एकत्र थव्यात गेले. कोंबड्याचा इशारा पारव्यांना कळतो हे माझं आजवरचं सगळ्यात आवडतं निरीक्षण आहे. खालचा पहारा वरच्यांना उपयोगी पडतो. उलटंही होतं: पारवे एकदम उडाले की कोंबड्या मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ बघतात.

निंबाच्या ढोलीतल्या पिंगळ्याची जोडी मायला नको वाटते, अपशकुनी म्हणून. मी तिला सांगितलं की तो किडे आणि उंदीर खातो, पारव्याच्या वाटेला जात नाही, ढाबळीखालचे उंदीर तोच कमी करेल. आणि त्याचाच भाऊ, रानपिंगळा, शंभरेक वर्षं कोणाला दिसला नव्हता. १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तो शहाद्याजवळ, आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी. ढोली राहणार.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पोरी झोक्यावर, घराघरात खापरावर मांडे. आणि ऊन असं की पायरीवर पाय ठेवत नाही. खान्देशात या दिवसांत पारा ४५ च्या घरात जाणं नवं नाही.

पक्ष्यांना घाम येत नाही. कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतात. दुपारी बाराच्या पुढे त्या जागच्या हलत नाहीत, अंडी निम्म्यावर आली. पारवे मात्र याच उन्हात बरेच शांत. उन्हाला सरावलेला पारवा चोच मिटलेली ठेवून कातडीतूनच पाण्याची वाफ सोडतो आणि अंग थंड राखतो. म्हणजे उन्हाळ्यात काळजी जास्त कोंबड्यांची. पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात दिले, खिडक्यांना ओली गोणपाटं, दाणा पहाटे आणि दिवेलागणीला. मातीच्या कुंड्यांत दिवसातून तीनदा गार पाणी.

आंघोळ हा दोघांचा अगदी वेगळा छंद. कोंबडीला कोरडी माती हवी: चुलीची राख मिसळलेल्या खड्ड्यात ती लोळते, पिसांत धूळ भरते आणि झटकते, उवा पडतात. पारव्याला पाणी हवं. आठवड्यातून दोनदा घमेल्यात चार बोटं पाणी ठेवतो. एक पंख वर उचलून कुशीवर पडतात, उठतात, पुन्हा पडतात. घमेलं संपताच ओतून द्यायचं, नाहीतर कोंबड्या ते प्यायला येतात. अंगणाचा पूर्वेचा कोपरा कोरडा, पश्चिमेचा ओला, असं वाटून टाकलंय.

पहिली दोन पिल्लं उडायला लागली. आईबाप पुढच्या अंड्यांवर.

२५ मे

अवकाळीने झोडपलं. केळीवाल्यांचं तर फारच नुकसान झालं. ढाबळीत धाब्याला एका ठिकाणी ओल आली. वरून पांढरी माती टाकून दाबली. खालचा भुसा आणि भुईमुगाची टरफलं काढून नवी घातली.

२२ जून

आता ओलीचे दिवस. दोन तलंगांना रक्ती हगवण. पशुवैद्यकांनी औषध पाण्यातून दिलं, दोन्ही बऱ्या होतायत. हा रोग ज्या जंतूंमुळे होतो त्यांच्या जाती पक्ष्यागणिक वेगळ्या असतात. कोंबडीचा जंतू पारव्याला लागत नाही, पारव्याचा कोंबडीला नाही. हे वाचून सुटल्यासारखं झालं, पण भिंत काढायची नाही. मानमोडी, ट्रायकोमोनास, साल्मोनेला यांना असली बंधनं नाहीत.

मक्याचं पोतं उघडलं तर तळाला हिरवट बुरशी. सगळं पोतं खड्ड्यात गेलं. वरचा मका चांगला दिसत होता, पण बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही आणि पक्ष्याच्या यकृतावर बसतं. पावसाळा संपेपर्यंत मका बंद, दादर आणि बाजरीवर भागेल.

१० जुलै

मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं सरकारने या महिन्यात जाहीर केलं. गावात दोघांनी विचारलं, मग तुमच्या पारव्यांचं काय?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर टाळायचं नाही. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ती जुनी झाली की फुप्फुसं कडक होतात. हे पारवे पाळणाऱ्यांत डॉक्टरांनी केव्हाच नोंदवलंय. रस्त्यावर पोत्यांनी दाणा टाकून हजारोंचे थवे पोसणं आणि मोजके, तपासलेले, आपल्या खणात राहणारे पक्षी ठेवणं यांत फरक आहे. पण धूळ ती धूळच. म्हणून झाडलोट मी करतो, पुतणी नाही. एन-९५ मास्क लावून, आधी पाणी शिंपडून, कोरडं कधीच खरवडायचं नाही. ढाबळ घरापासून वाऱ्याच्या उलट बाजूला आहे, तशीच राहील. मायला दम्याचा त्रास आहे, ती आत येत नाही, ओट्यावरून बघते. विष्ठा शेणखतात मुरवून वर्षभराने कपाशीला जाईल.

३ ऑगस्ट

कानबाई बसली, आमच्या खान्देशातली देवी. गल्लीत रात्रभर गाणी आणि रोट. ढोल वाजेल म्हणून ढाबळीला संध्याकाळीच पडदे लावले.

डिसेंबरात आणलेल्या पिल्लांनीही आता जोड्या लावल्यात. गळा फुगवून, शेपूट जमिनीला घासत गोल फिरणारा तो नर, एवढं पुतणीला ओळखता येतं. बाकी रंगरूपावरून कोणाचं काही सांगता येत नाही. अशा तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडी महिन्या-दीड महिन्याला दोन पिल्लं काढणार. एवढ्या पक्ष्यांना ही जागा पुरणार नाही. दाटी झाली की ओल, धूळ आणि आजार तिघंही वाढतात, भिंतीच्या दोन्ही बाजूंना.

सुताराकडून निंबाच्या लाकडाची अंडी करून घेतली, खऱ्यांच्या मापाची, घासून गुळगुळीत. मादीने दुसरं अंडं घातलं की त्याच दिवशी खरी काढून ही ठेवायची. जोडी बसते, पाळ्या सांभाळते, आणि ठरलेले दिवस उलटले की स्वतःच उठते. नुसती अंडी काढून घेतली तर मादी लगेच पुन्हा घालते आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम झडतं. लाकडी अंड्यांवर तिला विसावा मिळतो. तसंही आता पिसं झडायचे दिवस आलेत, या काळात पिल्लं वाढवायचा भार त्यांच्यावर नको.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. जाणत्या जोडीखाली लाकडी अंडी, तरुण जोड्यांपैकी एकीखालीही. खुराड्यात दोन कोंबड्या खुडूक आहेत, त्यांच्याखाली मायने बारा-बारा अंडी ठेवली. पिल्लं निघाली की लासोटाची पुढची कुपी मागवायची, गल्लीत आठवडाभर आधी सांगायचं. ढाबळीच्या दाराची एक तार वाकली आहे, ती बदलायची. आप्पांना त्यांच्या माळवदावर एक जोडी हवी आहे. डिसेंबरातल्यांपैकी देता येणार नाही, ते इकडेच परततील. दसऱ्यानंतर एका जोडीखाली खरी अंडी राहू देणार, ती पिल्लं दाणा उचलायला लागली की त्यांच्याकडे जातील.